जोर किती, फेरे किती

नववीच्या वर्गांना मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. बल वेगळं आणि शक्ती वेगळी, हे दरवर्षी फळ्यावर लिहिलं. निवृत्तीनंतर सायकल हाती घेतली आणि तेच विसरले. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा चढ जड गिअरवर दातओठ खात चढायचा, म्हणजेच ताकद, अशी समजूत करून घेतली. दोन महिन्यांत उजवा गुडघा धरला.

भाच्याने डाव्या क्रँकला पॉवर मीटर बसवून दिला. पहिल्याच दिवशी आकडे बघून म्हणाला, "मावशी, काहून इतका जोर लावतेस? फिरव ना जरा."

पायडलवर दाब पडला की क्रँक वाकते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. तिला चिकटवलेली स्ट्रेन गेजची बारीक पट्टी ताणली जाते, पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून जोर कळतो. मिनिटाचे फेरे वेगळे मोजले जातात. जोर आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, तीच वॅटमध्ये दिसते. पूर्वी यासाठी प्रयोगशाळेतल्या जागच्या सायकलवर बसावं लागे. जर्मनीच्या उलरिश शोबेरर यांनी १९८६ च्या सुमारास ही मोजणी रस्त्यावरच्या सायकलवर आणली.

चढावर माझे १२० वॅट येत होते, मिनिटाला ६० फेऱ्यांवर. मी वही काढली. १७० मिलिमीटरची क्रँक धरली, तर पायडलवर सरासरी साडेअकरा किलोंचा जोर लागत होता. तेच १२० वॅट ९० फेऱ्यांवर काढले, तर जोर साडेसात किलोंवर येतो. सायकल तेवढ्याच वेगाने चढते, पण गुडघ्यावरचा भार एक तृतीयांशाने उतरतो! इतकी वर्षं शिकवलेलं सूत्र त्या दिवशी मला माझ्या हाडांत कळलं.

मग फेरे वाढवतच न्यावेत का? नाही. ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर दाखवलं, की स्नायू जितक्या वेगाने आखडतो, तितका त्याचा जोर कमी पडतो. ओझं हलतच नसेल तर जोर भरपूर, पण शक्ती शून्य. अगदी रिकामा स्नायू झपाट्याने आखडतो, तेव्हाही शक्ती शून्यच. सर्वाधिक शक्ती मिळते ती मधे कुठेतरी. शिवाय नुसते पाय फिरवायलाही दम खर्च होतो. ९५ च्या पुढे मला धाप लागते. ७८-८० माझ्या अंगाला मानवतात.

८० म्हटले तरी तासाला ४८०० फेरे होतात. आमच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली. दिवसाला चारशेहून अधिक किलोमीटर! प्रत्येक फेऱ्यातला किलोभर जोर तिथे कुठवर साचत जाईल, याचा हिशेब मांडताना मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, मी घरातच, कुलरसमोर स्टँडवर सायकल चालवते. शरीर खर्च करतं त्यातला जेमतेम पाव भाग पायडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. म्हणून वॅट तेवढेच असले, तरी मे महिन्यात नाडी डिसेंबरपेक्षा पंधरा-सोळा ठोके वर जाते. वॅट पाय काय देतात ते सांगतात, नाडी त्याची किंमत सांगते. मी दोन्ही लिहून ठेवते.

एक खटकतं. माझं यंत्र फक्त डावा पाय मोजतं आणि आकडा दुप्पट करून दाखवतं. दुखरा पाय तर उजवा. तो खरोखर किती ओढतो, हे कळावं म्हणून आता दुसऱ्या बाजूच्या मीटरसाठी पैसे साठवतेय.