ब्लॅक अँड व्हाईट कॅमेऱ्याला जास्त मेगापिक्सेल लागतात का?

मोबाईलवर फोटो काढला, फिल्टर लावला, की झाला ब्लॅक अँड व्हाईट! मग रंगीत फोटो काढताच येत नाही असा कॅमेरा लाखो रुपये मोजून कोण कशाला घेईल? पण असे कॅमेरे निघतात आणि हौशी लोक ते घेतातही. लायका कंपनीने २०१२ मध्ये 'एम मोनोक्रोम' आणला, तो १८ मेगापिक्सेलचा होता. २०२३ च्या 'एम११ मोनोक्रोम'मध्ये हा आकडा ६० वर गेला. रंगच टिपायचे नाहीत, तर इतके पिक्सेल हवेत कशाला?

सेन्सरला रंग कळत नाहीत!

हे वाचून आश्चर्य वाटेल, पण कॅमेऱ्यातला पिक्सेल फक्त किती प्रकाश पडला तेवढंच मोजतो. तो प्रकाश लाल की निळा, हे त्याला समजत नाही. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर एक इवलासा रंगीत फिल्टर बसवतात. कोडॅकमधले शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांना या रचनेचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. त्यात दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो.

म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरले जातात. तुमच्या रंगीत फोटोतली बरीचशी माहिती अशी 'हिशेबाने' आलेली असते.

फिल्टर काढला की काय होतं?

मोनोक्रोम कॅमेऱ्यात हा रंगीत थरच नसतो. त्यामुळे दोन फायदे होतात.

पहिला, प्रत्येक पिक्सेल स्वतःच्या जागचा उजेड स्वतः मोजतो. अंदाज लावावा लागत नाही, म्हणून तेवढ्याच मेगापिक्सेलमध्ये केस, कापडाचे धागे, झाडाची साल असे बारकावे जास्त स्वच्छ दिसतात.

दुसरा, फिल्टर प्रकाश अडवत नाही. लायकाच्या रंगीत 'एम९'चा मूळ आयएसओ १६० होता, तर त्यावरूनच बनलेल्या 'एम मोनोक्रोम'चा ३२०. म्हणजे जवळपास दुप्पट संवेदनशीलता! अंधुक उजेडात याचा चांगलाच उपयोग होतो.

थोडक्यात, ब्लॅक अँड व्हाईट कॅमेऱ्याला जास्त नव्हे, उलट कमी मेगापिक्सेल पुरतात. हिशेब करून बघा. ए३ आकाराचा फोटो ३०० डीपीआयवर छापायला साधारण साडेसतरा मेगापिक्सेल लागतात. २०१२ चा १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याला पुरेसा होता.

मग ६० मेगापिक्सेल कशासाठी?

एक कारण तांत्रिक आहे. जाळी किंवा बारीक चौकडीच्या कापडाचा फोटो काढला, की कधीकधी त्यात नसलेल्याच लाटा दिसतात. याला मोआरे म्हणतात. मोनोक्रोममध्ये रंगीत लाटा येत नाहीत, पण करड्या येऊ शकतात. पिक्सेल जितके दाट, तितका हा धोका कमी. शिवाय फोटो कापून घ्यायला किंवा भिंतीएवढा छापायला जास्त पिक्सेल कामी येतात.

दुसरं कारण व्यवहाराचं. या कॅमेऱ्यांचे ग्राहक मोजकेच. त्यांच्यासाठी अगदी वेगळा सेन्सर बनवणं महागात पडतं, म्हणून बहुतेक वेळा रंगीत मॉडेलचाच सेन्सर फिल्टरविना वापरतात. रंगीत 'एम११' ६० मेगापिक्सेलचा, म्हणून त्याचा मोनोक्रोम भाऊही ६० चा!

जास्त पिक्सेलची किंमतही असते. फाइल जड होते, आणि फोटो मोठा करून पाहिला, की हाताची थरथर आणि लेन्सची उणीव लगेच उघडी पडते.

घेण्याआधी हे लक्षात ठेवा

रंगीत फोटो नंतर ब्लॅक अँड व्हाईट करताना निळं आकाश गडद करता येतं, चेहरा उजळता येतो, कारण रंगांची माहिती फाइलमध्ये असते. मोनोक्रोममध्ये ती नसतेच. आकाश गडद हवं असेल, तर फोटो काढण्याआधीच लेन्सवर पिवळा किंवा लाल फिल्टर लावावा लागतो. आणि उजेड प्रमाणाबाहेर गेला, तर पांढरा पडलेला भाग परत आणता येत नाही.

इन्स्टाग्रामवर १०८० बाय १३५० पिक्सेलचा फोटो टाकला, तर तो दीड मेगापिक्सेलही भरत नाही. तेवढ्यासाठी तुमचा मोबाईल आणि त्यातला फिल्टर पुरेसा आहे. मोठ्या प्रिंट काढायच्या असतील किंवा कमी उजेडात काम करायचं असेल, तर मात्र मोनोक्रोमचा विचार करा. फक्त तेव्हा मेगापिक्सेलचा आकडा सगळ्यात शेवटी बघा!