समोर बसलेला श्रोता

सन 1932 मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीतील जे अनेक सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात एकत्र आले होते, त्यांच्यापुढे विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन करावे असे ठरले. आणि 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, ओळीने अठरा रविवार, हा क्रम अखंड चालला. श्रोत्यांत शास्त्र जाणणारे होते, तसे अक्षरओळखीपलीकडे फारसे न गेलेलेही होते. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते, त्यांनी ही प्रवचने बोलली जात असतानाच भरभर टिपून घेतली, आणि त्या टिपणांतून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. सुबोध गद्य कसे निर्माण होते, याचा विचार करताना मला या ग्रंथाची आठवण प्रथम होते. कारण येथे विषय अत्यंत गहन, वक्ता संस्कृत विद्येत मुरलेला, श्रोतृवर्ग संमिश्र, आणि तरीही एकही वाक्य असे नाही की जे ऐकताना सामान्य बुद्धीच्या माणसाला मागे राहून जावे लागेल.

हे कसे साधले, ते चौथ्या आणि पाचव्या अध्यायांवरील प्रवचनांत विशेष स्पष्ट दिसते. कर्म, विकर्म आणि अकर्म या तीन पारिभाषिक संज्ञांनी भल्याभल्या भाष्यकारांना पेचात टाकले आहे. या संज्ञा टाळून त्यांच्या जागी काही ढोबळ, सोईचे शब्द बसवणे विनोबांना अशक्य नव्हते. परंतु त्यांनी तसे केले नाही. संज्ञा जशाच्या तशा ठेवल्या, आणि बाहेरून दिसणारी कृती ती कर्म, त्या कृतीत ओतलेले मन ते विकर्म, आणि दोहोंच्या संयोगाने कृतीचा भार नाहीसा होतो ते अकर्म, असा आपला अर्थ त्यांनी एकदा स्वच्छ सांगितला. मग मुलाच्या पाठीवरून फिरणाऱ्या आईच्या हाताचे उदाहरण घेतले: हात साधा, पाठ साधी, क्रियाही साधीच, पण तिच्यात मन उतरलेले असल्यामुळे तिचे सामर्थ्य निराळे. ज्याने आईचा हात अनुभवला आहे, अशा प्रत्येकाला विकर्म म्हणजे काय ते त्या क्षणी कळते, आणि पुढच्या सर्व विवेचनात तो शब्द त्याला परका वाटत नाही. अवघड कल्पना गाळून टाकल्याने लेखन सोपे होत नाही, ते केवळ रिकामे होते. कल्पना अवघडच ठेवून तिच्यापर्यंत जाण्याचा मार्ग सोपा करणे, हे खरे कौशल्य आहे.

आपल्या भाषेत हा आग्रह नवा नाही. किंबहुना मराठी गद्याचा आरंभच त्यातून झाला, असे म्हणण्यास आधार आहे. जन्माने गुर्जर असलेल्या चक्रधरस्वामींनी आपले सर्व निरूपण मराठीत केले. त्यांच्यामागे नागदेवाचार्यांनी महानुभाव पंथाची धुरा वाहिली, तेव्हा संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छिणाऱ्या केशिराजबासांसारख्या विद्वान शिष्याला त्यांनी त्यापासून परावृत्त केले. त्याचे त्यांनी दिलेले कारण ‘स्मृतिस्थळा’त नमूद आहे: तसे झाल्यास पंथातील म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानाला मुकतील. या कारणाचा नेमकेपणा विलक्षण आहे. ‘लोकांना कळावे’ असे मोघम ध्येय त्यांनी सांगितले नाही. ज्यांची तोंडे ते रोज पाहत होते, ज्यांच्या शंका त्यांना ठाऊक होत्या, अशा विशिष्ट वृद्ध स्त्रियांकडे त्यांनी बोट दाखवले. म्हाइंभटांनी ऋद्धिपूरच्या परिसरात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते याच दृष्टीने. म्हाइंभट स्वतः शास्त्रार्थात निष्णात पंडित. परंतु चक्रधरांना पाहिलेल्या माणसांना गाठून, त्यांच्याकडून एकेक प्रसंग ऐकून घेऊन, नागदेवाचार्यांकडून त्याची खातरजमा करून त्यांनी जो ग्रंथ रचला, त्यात पंडित कोठेही मध्ये येऊन उभा राहत नाही. कोण आले, काय म्हणाले, गोसावी म्हणजे चक्रधर काय बोलले, एवढेच थोडक्यात येते. सातशे वर्षांत भाषेची रूपे पालटली, त्यामुळे आजच्या वाचकाला टिपांची गरज भासते. पण वाक्यांची मांडणी कोठेही अडवत नाही.

येथे एका गैरसमजाचा विचार करणे अवश्य आहे. सोपे लिहावयाचे म्हणजे संस्कृत शब्द काढावयाचे, अशी एक समजूत आहे. आणि तिच्या उलट, फारसी अथवा इंग्रजी शब्द काढले की भाषा शुद्ध आणि म्हणून सुबोध होते, अशीही एक आहे. दोन्ही मतांत शब्दाच्या कुळाची चौकशी होते, वाचकाची होत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हा आपल्या भाषेच्या इतिहासातील अभिमानाचा प्रसंग होय. तथापि पुढील काळातील पेशवे दप्तराचे कागद पाहिले, तर अर्ज, दाखला, जप्ती, तहकूब हे शब्द तेथे सुखाने नांदताना दिसतात, आणि ते आजही नांदत आहेत. ज्या शेतकऱ्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यालाही फेरफार म्हणजे काय आणि सातबारावर नाव चढणे म्हणजे काय, हे पक्के ठाऊक असते, कारण त्या शब्दांशी त्याची जमीन बांधलेली आहे. त्याचप्रमाणे श्रद्धा, संसार, पुण्य, प्रसाद हे संस्कृत शब्द कीर्तनाला बसणाऱ्या कोणालाही अडत नाहीत, आणि फॉर्म भरणे हा प्रयोग तर आज घरोघर झाला आहे. वापराने झिजून गुळगुळीत झालेला शब्द सोपा, मग तो कोणत्याही कुळातील असो.

शब्दांपेक्षा वाक्याची रचना वाचकाला अधिक श्रमवते, आणि या बाबीकडे मात्र आपले दुर्लक्ष फार. मराठीत क्रियापद सामान्यतः अखेरीस येते, म्हणून ते येईपर्यंत पूर्वीचे सर्व काही वाचकाला स्मरणात धरून ठेवावे लागते. आता हे वाक्य पाहावे: ‘गेल्या वर्षी पुरात वाहून गेलेल्या पुलाच्या जागी बांधावयाच्या नव्या पुलाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकास मंजुरी देणाऱ्या समितीच्या सभासदांची बैठक तहकूब झाली.’ यात कठीण शब्द एकही नाही, व्याकरणाचा दोष नाही, तरीही वाचक दमतो. कारण नामापूर्वी विशेषण, त्या विशेषणापूर्वी दुसरे नाम आणि त्यापूर्वी आणखी एक विशेषण, असे ओझे डोक्यावर चढतच जाते आणि ते कोठे उतरवावे हे अखेरपर्यंत समजत नाही. तोच मजकूर असा लिहिता येईल: ‘पूल गेल्या वर्षी पुरात वाहून गेला, त्या जागी नवा बांधावयाचा आहे, त्याच्या खर्चाचे अंदाजपत्रक ज्या समितीने मंजूर करावयाचे, तिची बैठक तहकूब झाली.’ शब्द कमी झाले नाहीत. पण वाचकाला मध्येच तीनदा थांबता आले, आणि घडले त्याच क्रमाने त्याला कळत गेले. मराठीला ‘जो’ आणि ‘तो’, ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’, ‘जसे’ आणि ‘तसे’ या जोड्यांची जी देणगी आहे, तिचे प्रयोजन हेच: पहिला शब्द ऐकताच दुसरा येणार हे कानाला कळते, आणि मधला मजकूर लांबला तरी मन निश्चिंत राहते. लांब वाक्य आणि दुर्बोध वाक्य यांची गल्लत करणारे हे विसरतात की विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तील वाक्ये, सन 1874 पासून पुढे, कित्येकदा अर्धे पान व्यापतात आणि तरी वाट चुकवत नाहीत, आणि त्यांच्याही आधी, 1848 ते 1850 या काळात, ‘प्रभाकर’ पत्रातून लोकहितवादींनी आखूड वाक्यांनीच समाजाला खडसावले होते. दोघांच्या प्रकृती भिन्न, परंतु वाक्याचा सांगाडा दोघांनाही स्पष्ट दिसत होता. आगरकरांसारख्या धगधगत्या सुधारकाने वाक्यांच्या पृथक्करणावर स्वतंत्र पुस्तक लिहिण्याचे श्रम घेतले, यावरून त्या पिढीला या विषयाचे किती महत्त्व वाटत होते याची कल्पना येईल.

या संदर्भात विरामचिन्हांचाही उल्लेख केला पाहिजे. मोडी लिपीत शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत, शब्दाशब्दांत अंतर सोडीत नसत, आणि वाक्य कोठे संपले हे वाचणाराने अर्थावरून ओळखावे लागे. कारकुनाच्या सरावलेल्या डोळ्यांना ते जड गेले नसेल; परंतु 1832 मध्ये ‘दर्पण’ निघाले आणि अनोळखी वाचकांच्या हाती छापील मराठी जाऊ लागली, तेव्हा ही सोय पुरेनाशी झाली. मेजर कँडी यांनी 1850 मध्ये विरामचिन्हांच्या परिभाषेवर पुस्तिका प्रसिद्ध केली आणि स्वल्पविराम, अर्धविराम हळूहळू रूढ झाले. जे चिन्ह वाचकाच्या श्वासासाठी आले, ते आज मोबाइलवर लिहिताना लोक सर्रास गाळतात, याचे मला वाईट वाटते.

दुर्बोधतेचा सर्वांत दुःखद प्रकार मात्र कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात आढळतो. दुःखद अशासाठी, की तेथे न समजण्याची किंमत गरिबाला मोजावी लागते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर मराठी ही राज्यकारभाराची भाषा व्हावी म्हणून भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे कार्य केले, 1964 मध्ये राजभाषा अधिनियमही झाला, आणि त्या कार्याविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु संज्ञा मिळाल्या म्हणजे पत्र लिहिता येते असे नाही. ‘सदर प्रकरणी आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता विहित मुदतीत न झाल्याचे निदर्शनास आल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे’ अशा धाटणीचे पत्र एखाद्या विधवेच्या हाती पडले, तर तिला काय कळावे? कोणता कागद राहिला? मुदत कोणती होती? कोणाच्या निदर्शनास आले? ‘निकाली’ म्हणजे मंजूर की नामंजूर? आता याऐवजी असे लिहावे: ‘आपण उत्पन्नाचा दाखला 30 जूनपर्यंत द्यावयाचा होता. तो आमच्याकडे आला नाही, म्हणून आपला अर्ज नामंजूर केला आहे. दाखला आणून दिल्यास आपणांस नव्याने अर्ज करता येईल.’ दुसरे पत्र सोपे झाले ते शब्द बदलल्यामुळे नव्हे, तर त्यात कागदाचे नाव, तारीख आणि पुढचा मार्ग आला म्हणून. ‘करण्यात येत आहे’ या प्रयोगाने कर्ता नाहीसा होतो, आणि कर्त्याबरोबर जबाबदारीही. लिहिणारा असे लिहितो ते बहुधा दुष्टपणाने नव्हे. पत्र वाचणारी बाई त्याला दिसत नसते, वरिष्ठ अधिकारी मात्र दिसत असतो.

याउलट ज्यांना वाचक सतत दिसत होता, अशांत लक्ष्मीबाई टिळकांचे स्थान फार वरचे आहे. शाळेचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठीतील मुरलेल्या लेखकांनाही हे गद्य नवे वाटले असले पाहिजे. वडिलांचे सोवळ्याचे वेड त्यांनी वर्णिले आहे, ते लक्षपूर्वक वाचावे. ‘विचित्र’, ‘भयंकर’, ‘हास्यास्पद’ अशा विशेषणांची त्यांना गरज लागत नाही. घरात येणारी जिन्नस धुतल्यावाचून आत जात नसे, त्या धुण्यापायी घरातील बायकामुलांचा दिवस कसा जात असे, एवढे त्या सांगतात आणि पुढे जातात. निर्णय वाचकावर सोपवला आहे, म्हणून तो वाचकाचा स्वतःचा होतो. माझ्या मते नवशिक्या लेखकाने एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचावयाचे असेल, तर ते हे वाचावे.

साने गुरुजींचे उदाहरण याहून थोडे निराळे आहे, कारण तेथे साधेपणाचा अभ्यास झालेला दिसतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक चालवीत. रोजचे हस्तलिखित, वाचणारी मुले त्याच इमारतीत राहणारी; जे समजले नाही ते मुलांच्या चेहऱ्यावर त्याच दिवशी दिसणार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावयाचे. लेखकाला याहून चांगली शाळा कोणती मिळणार? पुढे फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग त्यांनी अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला, याचे आश्चर्य मानले जाते, मला त्या वेगामागे अमळनेरची ती वर्षे दिसतात. पुस्तकाला त्यांनी प्रकरणे पाडली नाहीत, रात्री पाडल्या: आश्रमातील सोबती प्रार्थनेनंतर जमतात, श्याम एक आठवण सांगतो, आणि ऐकणाऱ्यांना झोप येण्यापूर्वी ती पुरी होते. बेचाळीस रात्री, आणि त्यांतली प्रत्येक एका बैठकीत सांगून होण्याजोगी.