दहा लाख संशयितांचे गणित

२६ नोव्हेंबर २००८ रोजी कराचीहून समुद्रमार्गे आलेले दहा दहशतवादी मुंबईत उतरले आणि १६६ जणांचे बळी गेले. पुढे राम प्रधान समितीने कागद तपासले, तेव्हा दिसले की इशारे २००६ पासूनच येत होते. काहींत समुद्रमार्गाचा, काहींत ताज हॉटेलचाही उल्लेख होता. मग घोडे अडले कुठे?

उत्तराचा मोठा भाग संभाव्यतेच्या गणितात आहे. समजा, दहा कोटी लोकांत एक हजार दहशतवादी लपले आहेत आणि त्यांना हुडकणारी संगणकप्रणाली ९९ टक्के अचूक आहे. हजारांपैकी ९९० जण ती टिपेल. पण निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे दहा लाख जणांवरही बोट ठेवेल. यादीतल्या दर हजार नावांत खरा गुन्हेगार जेमतेम एक! शोधायची गोष्ट जितकी दुर्मीळ, तितकी खोट्या इशाऱ्यांची गर्दी जास्त. बेजचा सिद्धांत सांगतो तो हाच.

पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा अभ्यास करून रॉबर्टा वोल्स्टेटर यांनी १९६२ मध्ये असेच मत मांडले होते. अमेरिकेकडे संकेत कमी नव्हते, ते निरर्थक माहितीच्या गलक्यात हरवले होते. त्यातून इशाऱ्यावर तारीख नसेल, तर नाकाबंदी किती दिवस चालवणार? आठवडाभर काही घडले नाही की बंदोबस्त सैल पडतोच.

यावर गणितातच तोड आहे. तितक्याच अचूक पण पूर्ण स्वतंत्र अशा दुसऱ्या चाळणीतून ती यादी काढली, तर निरपराध दहा हजारांवर येतात, तिसरीनंतर शंभरावर. खरे गुन्हेगार मात्र ९७० उरतात. खबऱ्याची बातमी, फोनवरचे बोलणे आणि पैशांचा व्यवहार एकाच माणसाकडे निर्देश करू लागले, की संशयाला वजन येते. कारगिलनंतर २००१ मध्ये उभारलेल्या आणि २६/११ नंतर बळकट केलेल्या ‘मल्टी एजन्सी सेंटर’मागचा विचारही माहिती एकत्र आणण्याचाच.

अट एकच, चाळण्या खरोखर स्वतंत्र हव्यात. एकाच खबऱ्याची बातमी तीन कार्यालयांतून फिरून आली, तर ती तीन पुरावे असल्यासारखी भासते. ते ओळखायचे तर बातमी मुळात कोणी दिली हे कळायला हवे. आणि नेमके तेच कोणतीही यंत्रणा दुसरीला सांगत नाही, कारण नाव फुटले तर खबऱ्याचा जीव जातो.