शोषखड्डा म्हणजे नुसता खड्डा नाही! जव्हार-मोखाड्याच्या कातळात संडासाचं पाणी मुरवायचं तरी कसं?

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे. तरीही एप्रिल-मे आला की इथल्या अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते.

याचं एक मोठं कारण जमिनीखाली आहे. वर मातीचा पातळ थर, त्याखाली थोडा मुरूम आणि मग काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. पाणी साठायला जागाच कमी, त्यामुळे पडलेला पाऊस उतारावरून निघून जातो.

आणि हाच कातळ आणखी एक गोष्ट ठरवतो. घरामागच्या संडासाचं पाणी जातं कुठे?

सेप्टिक टाकी पाणी शुद्ध करत नाही

टाकी बांधली की काम झालं, असा अनेकांचा समज असतो. टाकीत फक्त गाळ खाली बसतो आणि थोडा कुजतो. बाहेर पडणारं पाणी दिसायला पातळ असलं, तरी त्यात जुलाब, कावीळ, टायफॉइडचे जंतू असू शकतात.

खरी सफाई होते ती पुढे, मातीत. टाकीतलं पाणी शोषखड्ड्यातून किंवा पाझर चरातून हळूहळू झिरपतं. वाटेत मातीचे कण जंतूंना अडवतात आणि मातीतले सूक्ष्मजीव त्यांचा फडशा पाडतात. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : पुरेशी कोरडी माती आणि पुरेसा वेळ.

कातळात नेमकं काय बिघडतं?

बेसाल्टला भेगा असतात. खड्ड्याचा तळ भेगाळ कातळाला लागला, तर पाणी झिरपत नाही, भेगेतून सरळ वाहत सुटतं. गाळण होतच नाही. पाडा उतारावर आणि विहीर खाली ओढ्याकाठी असेल, तर ते पाणी कुठे पोहोचू शकतं हे वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण पावसाची. जुलै-ऑगस्टमध्ये पातळ मातीचा थर पाण्याने गच्च भरतो, भूजल वर येतं. मग खड्डा एकतर तुंबतो, नाहीतर थेट भूजलात मिसळतो.

नियम काय सांगतात?

सेप्टिक टाकीसाठी भारतीय मानक आयएस २४७० आहे. त्यानुसार शोषखड्डा किंवा पाझर चर पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि घरापासून किमान ६ मीटर लांब हवा. शोषखड्ड्याचा व्यास किमान ९० सेंटिमीटर असावा. चर अर्धा ते एक मीटर खोल असतो. एका चराची लांबी ३० मीटरपेक्षा जास्त ठेवत नाहीत.

पण एक लक्षात घ्या. मधे माती असेल, तरच या अंतराला अर्थ आहे. मधे भेगाळ कातळ असेल, तर १८ मीटर ही सुरक्षिततेची हमी नाही.

जमीन पाणी किती शोषते, हे कसं कळतं?

चाचणी सोपी आहे. चर जितका खोल घ्यायचा, तितका खोल आणि १० ते ३० सेंटिमीटर रुंद खड्डा घ्यायचा. कडा खरवडायच्या, तळाला ५ सेंटिमीटर खडी टाकायची. खडीच्या वर ३० सेंटिमीटर पाणी भरून रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी खडीच्या वर १५ सेंटिमीटर करून अर्ध्या तासात ती किती उतरते ते मोजायचं.

- २५ मिलिमीटर किंवा जास्त : शोषखड्डा किंवा चर, दोन्ही चालतात.
- साधारण १२ ते २५ मिलिमीटर : फक्त पाझर चर.
- १२ मिलिमीटरपेक्षा कमी : जमीन पाणी घेणार नाही, वेगळी प्रक्रिया हवी.

आणि पाणी क्षणात गायब झालं तर? खूश होऊ नका. खाली भेग असू शकते.

समजा, घरातून रोज २०० लिटर पाणी टाकीत जातं. अर्ध्या तासात २५ मिलिमीटर पाणी उतरणाऱ्या जमिनीत मानकाच्या सूत्रानुसार सुमारे साडेपाच चौरस मीटर तळाचा चर लागतो. म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदीचा चर नऊ मीटर लांब. उताराच्या जागेवर तो उताराला आडवा खणायचा, नाहीतर सगळं पाणी खालच्या टोकाला जमा होतं.

मग कातळावर राहणाऱ्यांनी करायचं काय?

कमी पाण्याच्या संडासासाठी दोन खड्ड्यांची पद्धत सोयीची. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की त्यातल्या मैल्याचं खत होतं. पाण्याचा स्रोत शक्यतो १० मीटरहून लांब ठेवावा. जमीन भरड असेल, तर खड्ड्याचा तळ बंद करून भोवती ५० सेंटिमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर देतात. ही वाळूच मातीचं काम करते.

भूजल वर येत असेल, तर खोल जाण्याऐवजी वर यायचं. खड्डा जमिनीपासून उंच बांधून भोवती मातीचा भराव करायचा. सुरुंग लावून कातळ फोडणं हा उपाय नाही, त्यातून भेगाच वाढतात.

जागा निवडताना आधी विहीर बघा, मग खड्डा. संडास विहिरीच्या खालच्या अंगाला असेल तर उत्तम. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर पडते का आणि पाण्याची तपासणी झाली का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारता येतं.

स्वच्छ भारत मिशनमध्ये संडासासाठी १२ हजार रुपये प्रोत्साहन मिळतं. त्यातून भिंती, भांडं, दार उभं राहतं आणि फोटोतही तेच दिसतं. पण उन्हाळ्यात ज्या पाड्याला एकाच विहिरीचा आधार असतो, तिथं ते पाणी पिण्याजोगं राहील की नाही, हे फोटोत न दिसणारा खड्डा ठरवतो.