ताणाचे संप्रेरक आणि आपली दिनचर्या

पहाटे भाईंदरहून चर्चगेटची गाडी गाठणारा पालक, पूर्वेकडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा माजी विद्यार्थी आणि दहावीच्या वर्षी वसतिगृहात जागणारी मुलगी, या तिघांच्याही शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक अखंड राबत असते. मेंदूने धोका ओळखला की पियूषिका ग्रंथीकडून निरोप जातो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते रक्तात सोडतात. रक्तातील साखर वाढते, दाह आवरला जातो, शरीर सज्ज होते. म्हणजे कॉर्टिसॉल हा शत्रू नव्हे. धोका टळल्यावरही सज्जता न ओसरणे, हा खरा बिघाड होय.

कोणता ताण ते अधिक वाढवितो? २००४ साली डिकरसन आणि केमेनी या संशोधिकांनी २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. परिस्थिती आपल्या हाताबाहेर असणे आणि त्याच वेळी चारचौघांत आपली पारख होणे, हे दोन्ही एकत्र आले की कॉर्टिसॉल सर्वाधिक उसळते, असे त्यांना आढळले. आम्हांस या निष्कर्षाचे नवल वाटले नाही. पिढ्यान्‌पिढ्या चारचौघांत मानखंडना सोसलेल्या समाजाला ही गोष्ट प्रयोगशाळेने सांगावी लागत नाही. फळ्यापाशी उभे करून मुलाला हिणविणाऱ्या शिक्षकाने मात्र ती अवश्य वाचावी. ताण ही केवळ मनाची दुर्बलता मानून अन्यायावर ध्यानाचा उतारा सुचविणे आम्हांस मान्य नाही.

कॉर्टिसॉलला स्वतःचे घड्याळ असते. मध्यरात्रीच्या सुमारास ते नीचांकी असते, पहाटे चढू लागते आणि जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते. रात्रपाळी व जागरणे हे घड्याळ विस्कटतात. बाबासाहेबांच्या जयंतीस सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपल्याकडे रूढ आहे व आम्हांस त्याचा अभिमान आहे. पण ते वर्षातून एकदाचे अभिवादन आहे, वेळापत्रक नव्हे. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागतेच. सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला होता, तो येथे आठवतो: तार फार ताणली तरी वीणा बिघडते, सैल सोडली तरी.

झोप, नियमित चालणे, वेळेवर जेवण व जिवाभावाची माणसे यांच्या जोडीला आनापान येते. उत्तनमार्गे आपल्याला जवळ असलेल्या गोराईच्या विपश्यना पॅगोड्यामुळे ते या परिसरास परिचित आहेच. शासनाच्या ‘मित्र उपक्रमा’तून ते शाळांतही पोहोचले. ध्यानाने कॉर्टिसॉल घटते का, यावरील अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. काहींत अल्पशी घट दिसते, काहींत नाही. मन स्थिरावते, हा लाभ त्यामुळे उणा होत नाही. तीव्र मानसिक आजार असलेल्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून दहा दिवसांच्या शिबिरास बसू नये.

अलीकडे ‘अधिवृक्क ग्रंथी थकल्या’ असे निदान करून महागडी चूर्णे विकली जातात. संप्रेरकतज्ज्ञ असा आजार मानत नाहीत. अश्वगंधाविषयी काही लहान अभ्यास आशादायक असले, तरी तिच्यामुळे यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. खरे आजार निराळे असतात. चेहरा गोल होणे, पोटावर जांभळे रुंद पट्टे उमटणे, दंड-मांड्यांतील बळ जाणे ही कुशिंग विकाराची लक्षणे. वजन घटणे, सतत थकवा, त्वचा व हिरड्या काळवंडणे ही अ‍ॅडिसनची, आणि आपल्या देशात त्यामागे क्षयरोगही असू शकतो. दुपारी कधीतरी दिलेल्या रक्ताच्या एका चाचणीवरून निदान होत नाही. सकाळी आठच्या सुमाराचे रक्त, रात्री उशिराची लाळ किंवा चोवीस तासांची लघवी, यांतील काय तपासायचे ते डॉक्टर ठरवितात.

सर्वांत घातक आहेत त्या सांधेदुखी-दम्यावरील निनावी पुड्या. त्यांत कित्येकदा छुपे स्टेरॉइड मिसळलेले असते. ते दीर्घकाळ पोटात गेले की अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात, आणि पुडी एकाएकी बंद केल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. घरात कोणी अशा पुड्या घेत असेल, तर त्या परस्पर फेकून न देता बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. मात्रा टप्प्याटप्प्याने कशी उतरवायची ते डॉक्टर सांगतील.