डिकीतला गालिचा आणि पंक्चरवाल्याचं सुलोचन

कारंज्याहून शेलूबाजारला जाताना एखादा खड्डा चुकवता आला नाही, की डिकीतून आधी जॅकचा आवाज येतो, मागोमाग पान्याचा. पत्र्यावर लोखंड आपटल्याचा तो ‘खण्ण’ ऐकून मागच्या सीटवर झोपलेलं पोर दचकून उठतं. तीच गाडी समृद्धी महामार्गावर घातली, की खणखणाट थांबतो आणि काँक्रीटवरून धावणाऱ्या टायरांची एकसुरी घरघर सुरू होते. म्हणून दसऱ्याला गाडी धुऊन हार घातला, की पुष्कळांच्या मनात येतं, यंदा डिकीला गालिचा बसवायचाच. काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. फक्त एक ध्यानात ठेवावं : त्या दोन आवाजांपैकी गालिचा एकालाच नीट गप्प करतो.

स्टीलची वाटी फरशीवर पडली तर ठणकते, गोधडीवर पडली तर नुसती धप् होते. वाटी तीच, उंचीही तीच. पण गोधडीवर ती थांबायला जास्त वेळ घेते, त्यामुळे धक्का विभागला जातो आणि कर्कश स्वर उमटतच नाहीत. जॅक आणि पत्रा यांच्यामध्ये गालिच्याचं चार मिलिमीटरचं फेल्ट आलं, की हेच घडतं.

घरघरीचं गणित वेगळं आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. सेकंदाला १,००० कंपनं असलेल्या स्वराची तरंगलांबी ३४ सेंटीमीटर भरते. सच्छिद्र थराने तो चांगला शोषायचा, तर थराची जाडी साधारण तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे साडेआठ सेंटीमीटर लागते. १०० कंपनांच्या घुमणाऱ्या स्वरासाठी हाच हिशेब ८५ सेंटीमीटरवर जातो. एवढी गादी घातल्यावर सोयाबीनचं पोतं ठेवायचं कुठे?

घुमणाऱ्या आवाजाचा बंदोबस्त गालिच्याखाली करावा लागतो. डिकीचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा थरथरतो. पुडीवर तळहात टेकला, की घुमारा तिथेच विरतो. अॅल्युमिनियमचा पापुद्रा लावलेली ब्युटाइल रबराची चिकटपट्टी तळहाताचंच काम करते. पत्रा वाकला की रबर आतल्या आत घसटतं आणि कंपनांची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. बोटाने टिचकी मारत जा. जिथे जास्त घुमेल, तिथे मधोमध पट्टी लावा.

आता कापड. हे फेल्ट बहुधा मागावर विणलेलं नसतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या तंतूंचा पिंजलेला थर यंत्राखाली सरकतो आणि खाचा असलेल्या असंख्य सुया त्यात वरखाली टोचत राहतात. खाचांत अडकलेले तंतू खाली ओढले जाऊन एकमेकांत गुंततात. वापरलेल्या पाण्याच्या बाटल्यांपासूनही असे पॉलिएस्टर तंतू काढतात. धागा नसल्याने कापलेली कड उसवत नाही आणि ओढलं की तंतू घसरून कापड हवं तसं ताणलं जातं.

या ताणाची गरज चाकावरच्या फुगवट्यापाशी लागते. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला, की कडेला चुण्या पडतातच. सपाट पृष्ठ न ताणता, न चुणता घुमटावर बसवता येत नाही, हे जर्मन गणितज्ञ गाउस यांच्या १८२७ सालच्या प्रमेयातूनच निघतं. विणलेली सतरंजी इथे हट्ट धरते, फेल्ट मात्र ऐकतं. आधी जुन्या वर्तमानपत्राचा साचा कापा, आणि कापडाला चहूबाजूंनी दोन बोटं माया ठेवा.

चिकटवण्याची रीत मात्र पंक्चरवाल्याकडून शिकावी. तो सुलोचन, म्हणजे रबराचं सोल्यूशन, ट्यूबला लावतो, ठिगळालाही लावतो, आणि मग घाई न करता थांबतो. डिकीसाठीचा पिवळसर रबरी गोंदही तसाच वापरायचा. त्यात कृत्रिम रबर द्रावकात विरघळवलेलं असतं. दोन्ही बाजूंना पातळ हात दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत द्रावक उडून जातो. बोट लावून ओलसर लागेना, की दाबायचं. दोन्ही थरांतल्या रबराच्या लांब साखळ्या एकमेकींत शिरतात आणि पकड तत्क्षणी बसते. घाई केली तर द्रावक आत कोंडतो, मग मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर तिथेच फुगे धरतात. द्रावकाची वाफ ज्वालाग्राही आणि हवेपेक्षा जड असल्याने डिकीच्या तळाशी साचते. म्हणून काम उघड्यावर, सावलीत करा. विडी-काडी लांब ठेवा. ऐन पावसाळा टाळा, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि गोंद दगा देतो. सीएनजीची टाकी असेल, तर तिचे वायुमार्ग आणि व्हॉल्व्ह झाकू नका.

आपली काळी माती या गालिच्याची खरी परीक्षा घेते. तिचे चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि पाणी धरून फुगतात. चिखल ओला असताना घासला, तर ते तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतात. वाळू द्यावा, माती आकसून तडकली, की ब्रशने झटकली जाते. त्याहून मोठा धोका दिसत नाही. पॉलिएस्टरचा तंतू स्वतः फारसं पाणी पीत नाही, पण तंतूंमधल्या फटी वातीसारखं पाणी ओढून घेतात. वर हात फिरवला तर कोरडं, खाली पत्रा दिवसेंदिवस ओला. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आल्यावर गंज चढायला आणखी काय हवं?

म्हणून गोंद फक्त फुगवट्यांना आणि बाजूंना लावावा. तळाचा तुकडा फळीवर नुसता अंथरावा, पावसाळ्यात वरचेवर उचलून उन्हात टाकावा. स्टेपनीही त्याच्याच खाली असते. भर दुपारी समृद्धीवर टायर बसला, तर सगळं सामान उतरवून आधी हाच गालिचा उचलावा लागतो. पंक्चरवाल्याचं ठिगळ निघता कामा नये. आपला गालिचा मात्र एका हाताने निघाला पाहिजे.