एजंट बसवताना

लिनक्स सर्व्हर एकच असेल तर प्रशासक स्वतः लॉगिन करून काम उरकतो. शेकडो असतील, तर बरेचदा प्रत्येकावर एक छोटा प्रोग्राम बसवला जातो. हाच एजंट.

पपेट या सर्व्हर-व्यवस्थापन साधनाचं उदाहरण घेऊ. उबुंटूवर ‘एप्ट’, रेड हॅटवर ‘डीएनएफ’ वापरून पॅकेज बसवलं, की एजंट स्वतःची किल्ली तयार करतो आणि मुख्य सर्व्हरच्या ८१४० क्रमांकाच्या पोर्टवर प्रमाणपत्रासाठी अर्ज धाडतो. इथे घाई नको. अर्ज आपोआप मंजूर करण्याची सोय आहे खरी, पण सरसकट वापरली तर ती अनोळखी यंत्रालाही दार उघडते. यंत्राची खातरजमा करूनच मंजुरी द्यावी. मग सर्वसाधारणपणे दर ३० मिनिटांनी एजंट मुख्य सर्व्हरकडून नियम घेतो आणि बदललेली सेटिंग्ज पूर्ववत करतो. यंत्राचं घड्याळ मात्र बरोबर हवं. नाहीतर प्रमाणपत्रच नाकारलं जाऊ शकतं.

एजंट बहुधा रूट अधिकारानं चालतो, आणि खरी जोखीम तिथेच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये विझ कंपनीच्या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या ओएमआय एजंटमधली त्रुटी उघड केली. त्याचं पोर्ट बाहेर उघडं असेल, तर विनंतीतून ओळख पटवणारा भाग नुसता वगळला तरी रूट अधिकार मिळत. तीव्रता १० पैकी ९.८! मायक्रोसॉफ्टच्याच अझ्युर क्लाउडच्या काही सेवा सुरू केल्या, की हा एजंट गुपचूप बसत असे. जो प्रोग्राम आपल्या यंत्रावर आहे हेच ठाऊक नाही, तो अद्ययावत कोण करणार?

एजंट न बसवताही असं व्यवस्थापन करता येतं: २०१२ मध्ये आलेल्या अ‍ॅन्सिबल या साधनाला तो लागत नाही. लिनक्सवरच्या बहुतेक कामांना एसएसएच आणि पायथन पुरतात.